पंखे थांबले तेव्हा

११ फेब्रुवारी, दुपार

प्रिय टिल्लू,

तुझं डोकं आता दाराच्या चौकटीला लागतं हे मला माहीत आहे, पण मी टिल्लूच लिहिणार. मी बरी आहे. तुम्ही दोघंही बरे असाल, असं धरून चालते.

आधी तुझी तक्रार. ताई फोन उचलत नाही, उचलला तर ‘बरं, बरं’ म्हणते आणि ठेवून देते, हे तू इतक्या तऱ्हांनी लिहिलंस की मला तुझी कीव आली. अरे, शेडमध्ये रेंज कुठे असते? भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं. खोलीवर आले की डोकं उठलेलं असतं. आणि अंगठ्याने चार शब्द टाकून त्याला बोलणं म्हणायचं, हे मला जमत नाही. पत्राचं कसं, मी लिहीत असताना तू मधे बोलत नाहीस. लहानपणी हे सुख मला कधी मिळालं नव्हतं.

तुझ्या बायकोने, आपल्या चित्रकारीणबाईंनी, विचारलं होतं की ताईंच्या शेडमध्ये नक्की चालतं काय. तुला सगळं पाठ आहे, म्हणून हे तिला वाचून दाखव. पूर्वी इथे सूतगिरणी होती. आता त्याच लांबलचक शेडमध्ये लोखंडी रॅक आहेत आणि प्रत्येक रॅकवर बुटाच्या खोक्याएवढ्या मशीनांच्या रांगा. एकेका मशीनला पुढे एक पंखा, मागे एक. ही मशीनं अहोरात्र आकड्यांची कोडी सोडवतात. जगात जिथे जिथे अशी शेड आहे तिथली सगळी मशीनं त्याच वेळी तेच कोडं सोडवत असतात. ज्याचं आधी सुटेल त्याने सगळ्यांच्या सामाईक वहीचं पुढचं पान लिहायचं, कुणी काय विकलं, कुणी काय घेतलं ते, आणि मजुरी म्हणून नवी नाणी घ्यायची. बाकीच्यांनी जाळलेली वीज वाऱ्यावर. खरोखर वाऱ्यावर, कारण तिची उष्णता होते आणि ती आमच्या मागच्या भिंतीतल्या मोठ्या पंख्यांमधून गल्लीत जाते. गल्लीत वाळत घातलेले कपडे बघता बघता पापडासारखे कडक होतात. लोकांना आमचा फायदा तेवढाच.

तिचं ते निळ्या मांजराचं चित्र ज्या कुणी विकत घेतलं, त्याची नोंद आमच्याच एखाद्या मशीनने केली असेल, काय सांगावं. त्यावरून लोकांनी तिला किती घालूनपाडून बोलावं! एक मांजर विकायला घरभराची वीज जाळली म्हणे. तिने चित्रं विकायची थांबवली, आणि तू हे काम अंगावर घेतलंस. कोडीच नकोत. ज्यांनी आपली नाणी तारण ठेवली आहेत त्यांच्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने पान लिहायचं, लबाडी केली तर तारण गेलं. वही तीच, पानं तीच, फक्त मशीनं नकोत आणि पंखेही नकोत. बघ, मला बरोबर कळलंय ना?

आता जूनची तारीख ठरली म्हणतोस. छान झालं. ‘ताई, माझ्यामुळे तुझी नोकरी जाणार, मला झोप येत नाही,’ असं लिहिलंस. झोप बाबा. तुझ्या झोपेसाठी मी आयुष्यात पुरेशी अंगाई म्हटली आहे.

इकडे नवं म्हणाल तर काही नाही. मागच्या गल्लीत एक व्हायोलिन दुरुस्त करणारा राहतो, त्याची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तो म्हणतो, तुमच्या शेडला एक सूर आहे, आणि मी लावलेली प्रत्येक तार त्या सुराकडे ओढली जाते. त्याने नगरपालिकेत अर्ज केले, मालकाला गाठलं, आता मला गाठतो. माणूस वाईट नाही. भांडतानाही खिडकी पुसत असतो.

पूर्वी मी रांगेतून नुसती चालत गेले तरी कुठला पंखा चार-आठ दिवसांत बसणार ते सांगायचे, आठवतं? मालक पाहुण्यांना आणून माझे कान दाखवायचा. आता मी हाताने बघते, तळवा टेकवून. ते जास्त खात्रीचं.

खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर धुतलेले कपडे. थंडी ओसरली आहे. तुझं काम झालं की या दोघं. सवडीने.

तुझी
ताई


९ एप्रिल

प्रिय टिल्लू,

नवा फोन मिळाला. कशाला इतका महागातला घेतलास? जुन्याचा आवाज गेला असेल असं तुला वाटलं, तेही साहजिकच. हा सुंदर आहे, काचेसारखा चकचकीत. पुसून ठेवला आहे. वापरीन.

तुझा व्हिडिओही पाहिला, दोनदा. केस फार वाढलेत, कापून घे. मागच्या भिंतीला वरून ओल येतेय, ती कुणाला तरी दाखव, नाहीतर पावसाळ्यात पोपडे पडतील. ती तुझ्या शेजारी बसून काय हसत होती! तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बघून बरं वाटलं. असेच हसत राहा.

इकडे मालकाची धावपळ सुरू आहे. तुमचा बदल होणार हे त्याने पुष्कळ दिवस मनावर घेतलं नव्हतं, ‘असे बदल दरवर्षी होणार असतात’ म्हणायचा. आता घेतलं आहे. धरणाच्या खालच्या अंगाला, इथून दिवसभराच्या वाटेवर, त्याने दुसरी शेड बघितली आहे. दुसरी एक साखळी आहे, म्हणजे तशीच दुसरी सामाईक वही, ती अजून कोड्यांवरच चालते. त्यातल्या त्यात चांगली मशीनं तिकडे न्यायची, जुनी भंगारात. मला म्हणाला, “चला. तिकडेही तुम्हीच बघा. शेडला लागूनच खोली बांधून देतो.” त्याला नीट बोलायचं असलं की तो मला बाहेर अंगणात नेतो आणि अगदी समोर उभा राहून बोलतो, ती त्याची सवय चांगली आहे.

मी हो म्हणायच्या बेतात आहे.

तू रागावशील. इकडे तू पंखे बंद करणार आणि ताई तेच पंखे बैलगाडीत घालून पुढच्या गावाला नेणार, असंच ना? पण मला दुसरं काय येतं? आणि खरं सांगू, मला शेड आवडते. तिथे सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. बोट वर म्हणजे चालू, मूठ म्हणजे बंद, कपाळावर हात म्हणजे मालक आला. तिथे कुणी कुणाला ‘काय? काय म्हणालात?’ असं विचारत नाही. बाहेर लोक फार बोलतात.

त्या व्हायोलिनवाल्याशी माझं जरा विचित्रच झालं. गेल्या आठवड्यात तो फाटकाशी आला. भांडायला आलेला दिसत नव्हता. टोपी काढून हातात धरली होती. काहीतरी खालमानेने पुटपुटला. मला वाटलं नेहमीचंच. मी म्हटलं, “अर्ज द्या. मालक आले की सांगते.” आणि हसले, उगाच वाद नको म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला, मग टोपी घालून गेला.

संध्याकाळी वॉचमनने सांगितलं. त्याची आई सकाळी गेली होती. दुपारी लोक भेटायला येणार होते, म्हणून तासभर मागचे पंखे कमी ठेवता येतील का, एवढंच विचारायला आला होता. मी लगेच जाऊन मागची रांग बंद केली, पण तोवर लोक येऊन गेले होते. त्याच्या दारात रिकाम्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या.

त्याचा आवाजच बारीक, त्यात रस्त्यावर ट्रक उभा होता. कुणाचाही गैरसमज झाला असता.

बाकी ठीक. तू जेवणाची हेळसांड करू नकोस. जून पार पडला की मग बोलू. म्हणजे लिहू.

तुझी
ताई


२१ जून, रविवार

प्रिय टिल्लू, आणि प्रिय चित्रकारीणबाई,

हे पत्र दोघांना आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

चित्रकारीणबाई, तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. ‘ताई, आम्ही तुम्हाला बाळाची बातमी दिली आणि तुम्ही केसांबद्दल आणि भिंतीबद्दल लिहिलंत. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. नोकरी जाते म्हणून त्याच्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण बाळाने तुमचं काय केलं?’ फार बरं केलंस लिहिलंस ते. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

मी पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. मग वर येऊन तो व्हिडिओ काढला आणि टिल्लू, या वेळी तुझ्या ओठांकडे बघितलं. बाळ हा शब्द दिसतो रे. ओठ मिटतात आणि उघडतात. तू तो पुन्हा पुन्हा म्हणत होतास, आणि ही तोंडावर हात धरून हसत होती, आणि मी भिंतीची ओल बघत होते. कारण काहीतरी बघितल्याचं लिहायला तर हवं होतं.

मला ऐकू येत नाही, टिल्लू.

अगदीच नाही असं नाही. समोर बसून, तोंड बघत, एका वेळी एक माणूस बोललं तर निम्मं कळतं, निम्मं मी जुळवते. फोनवर नुसती घरघर येते. तुझ्या आवाजाची घरघर आणि बँकेवाल्याच्या आवाजाची घरघर मला सारखीच. म्हणून ‘बरं, बरं’. तू विचारत असशील ‘ताई, रागावलीस का?’ आणि मी म्हणत असेन ‘बरं, बरं’. रेंज चांगली आहे. शेडच्या अंगणातसुद्धा येते.

कधीपासून, ते मलाही सांगता येणार नाही. मालकाने कानांवर लावायचे जाड कप दिले होते, पण ते लावले की पंख्यांतला फरक कळायचा नाही, आणि फरक कळणं हीच तर माझी ऐट होती. म्हणून मी ते खुंटीला अडकवून ठेवायचे. आधी पाखरं गेली. मला वाटलं शहरात पाखरं कमी झाली. मग दारावरची बेल गेली. वायरमनला बोलावून दुरुस्त करून घेतली, त्याने दोनदा सांगितलं की ती चालू आहे. मग माणसं गेली.

तुला का सांगितलं नाही? तू लगेच गाडीत बसून आला असतास, काम टाकून. हे एक कारण, आणि ते चांगलं दिसतं म्हणून आधी लिहिलं. दुसरं असं की शेड ही एकच जागा होती जिथे माझं काही बिघडलं आहे हे कुणाला कळत नव्हतं. तिथे सगळेच माझ्यासारखे. तेव्हा तू विचारत होतास ते खोटं नव्हतं. मी रागावले होते. पगाराचं काही ना काही झालं असतं. पण तू माझी लपायची जागा बंद करत होतास, आणि तुला ते माहीतही नव्हतं, म्हणून मला तुला बोलताही येत नव्हतं.

आता बदल झाला तो दिवस कसा गेला ते सांगते. तुमच्याकडे म्हणे सगळे पडद्याला डोळे लावून बसले होते आणि झाल्यावर एकमेकांना मिठ्या मारत होते. आमच्याकडे मालक, वॉचमन आणि मी. दुपारी पडद्यावरच्या आकड्यांची रांग थांबली. कोडी यायची बंद झाली. मशीनं काही वेळ तशीच फिरत राहिली, काम नसताना घरात येरझाऱ्या घालणाऱ्या माणसासारखी. मालकाने माझ्याकडे बघून मूठ दाखवली. मी एकेका रांगेचा ब्रेकर खाली ओढत गेले. शेवटची रांग बंद केली आणि थांबले.

माझ्यासाठी काहीच बदललं नाही.

तोच आवाज, तेवढाच, डोक्याच्या मधोमध. मला वाटलं एखादी रांग राहिली. मी मागे गेले, मशीनांवर तळवे टेकवत फिरले. सगळी गार पडत चाललेली, एकही थरथरत नव्हतं. मालक आणि वॉचमन शेडच्या मध्यावर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. वॉचमन टोपी काढून छपराकडे बघत होता. त्यांना शांतता ऐकू येत होती आणि मला नाही.

मी मागचं दार उघडून गल्लीत गेले. सगळी गल्ली बाहेर आली होती, टिल्लू. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. कुणी बोलत नव्हतं. नुसते उभे होते. एका बाईने कान झाकून पाहिले, सोडून पाहिले, आणि हसली. व्हायोलिनवाला खिडकीत होता. त्याने खांद्यावर व्हायोलिन घेतलं आणि वाजवायला लागला. सगळ्यांची तोंडं एकदम तिकडे वळली. मला त्याचा हात खालीवर होताना दिसत होता. मीही तिकडे तोंड वळवलं आणि सगळ्यांबरोबर मान हलवली. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

वाजवून झाल्यावर लोक पांगले. तो खाली आला, माझ्यासमोर उभा राहिला. तोवर तो कधी नीट माझ्याकडे तोंड करून बोलल्याचं आठवत नाही. हळूहळू, शब्द सुटे करून म्हणाला, “तुम्हाला तो आवाज अजून येतोय. हो ना?”

मी म्हटलं, “कसं कळलं?”

“तुम्ही सुरावर मान हलवत नव्हतात. माझ्या हातावर हलवत होतात.”

मी त्याला आईबद्दल सांगितलं, म्हणजे त्याच्या आईबद्दल, की त्या दिवशी मी हसले ते कशामुळे. तो म्हणाला, “मी तुम्हाला घरात काय काय शिव्या दिल्या, ते तुम्हाला ऐकू आलं नाही हे एक बरंच झालं.” आणि दोघंही हसलो. त्याच्या वहिनीच्या ओळखीची एक कानाची डॉक्टर आहे, तिचा पत्ता त्यानेच दिला.

तरीही मी मालकाला नाही म्हटलं नव्हतं, हे लिहायला हवं. उलट मशीनं खोक्यांत भरत होते. नव्या शेडमध्ये पुन्हा पंखे लागले की डोक्यातला आवाज आणि बाहेरचा आवाज एकच होईल, मग सोसेल, असा माझा हिशेब. आणि सोमवारी चित्रकारीणबाईंचं पत्र आलं.

मंगळवारी डॉक्टरकडे गेले. छोट्या काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी दाबत सुटले. शाळेत उत्तर येत नसलं की आपण काहीही लिहून यायचो ना, तसं. ती दार उघडून आत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “मी अजून काहीच वाजवलेलं नाही.” मला इतकी लाज वाटली, आणि मग इतकं हलकं वाटलं. गेलेलं परत यायचं नाही म्हणाली. उरलेलं जपता येईल, कानातल्या यंत्राने बोलणं पुष्कळ सुधारेल, डोक्यातल्या आवाजाची सवय करावी लागेल. मी धरणाखालच्या नोकरीचं विचारलं. ती म्हणाली, “तिकडे गेलात तर मला पुन्हा भेटायची गरज उरणार नाही.”

मालकाला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. अंगणात समोर उभा राहून म्हणाला, “तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. मला वाटलं, तुम्हालाच बोलायचं नसेल.”

ट्रक गुरुवारी गेले. जुनी मशीनं भंगारवाल्याने नेली, चांगली धरणाकडे गेली. टिल्लू, तू आनंदात आहेस, आणि तो तुझा हक्कच आहे. गल्लीतले दिवे पूर्वी संध्याकाळी पिवळे पडायचे, आता पडत नाहीत. तुझ्या बायकोने मांजरं, उंदीर, हवं ते विकावं, आता कुणी तोंड उघडणार नाही. पण ते ट्रक जाताना मी बघत होते. धरणाखालीही एखादी गल्ली असेल, तिथेही खिडक्या असतील. तुझं काम चांगलं झालं, पण संपलेलं नाही. त्या दुसऱ्या साखळीवाल्यांशीही कुणीतरी बोलायला हवं. कुणी ऐकत नसेल तर मला घेऊन चल. मी समोर उभी राहीन, त्यांना माझ्याकडे बघत बोलायला सांग.

शेड आता रिकामी आहे. भाड्याने द्यायची पाटी लागली आहे. व्हायोलिनवाल्याच्या ओळखीने एका दुकानात मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचं काम मिळेलसं दिसतं. तळव्याने चालतं ते.

बाळाबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही. कागदावर लिहिण्यासारखं नाहीच ते. मला ते तुमच्या तोंडून, समोर बसून हवं आहे, अगदी पहिल्यापासून, मला काहीच माहीत नाही असं समजून.

तेव्हा फोन करू नका. या. पाकीट जड लागलं असेल, त्यात माझ्या खोलीची किल्ली आहे. दार वाजवत बसू नकोस, मला कळणार नाही आणि तू पुन्हा समजशील की ताई उघडत नाही. सरळ कुलूप काढून आत ये. मी पाठमोरी असले तर खांद्यावर हात ठेव. दचकले तर दचकू दे.

वाट बघणारी
तुझी ताई